मिश्रीच्या डबीवरचा अंगठा

प्रिय माय,

पत्र लिहायची रीत आपल्या घरात कुणाचीच नाही. तू तर फोनवरसुद्धा "हां, बरं हाय, ठिव आता" याच्यापुढं कधी गेली नाहीस. पण येत्या गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. सिल्लोडकडची सगळी माणसं बजाजनगरला दादाच्या घरी जमणार आहेत आणि त्या सगळ्यांसमोर मला एक गोष्ट बोलायची आहे. ती आधी तुझ्या कानावर घालावी म्हणून लिहायला बसले. नाहीतर तू रुसशील, "साऱ्या दुनियेला सांगितलं, अन् मलाच नाय!"

गोष्ट तुझ्या मिश्रीच्या डबीची आहे. हो, तीच. जिच्यावरून मी तुझ्याशी जन्मभर भांडले ती. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड सकाळ-संध्याकाळ दातांना लावल्याशिवाय तुझं कधी चाललं का?

मी फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.ला असताना तुझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते, आठवतं? सरावाला घरच्या माणसांचे ठसे आणा, असं आम्हाला सांगितलं होतं. मी काचेवर शाई पसरली, तुझं एकेक बोट धरून कागदावर लोळवलं, तेव्हा काय आरडाओरडा केलास! "काय गं, मी चोर हाय व्हय? बोटं काळी केली पोरीनं!" मग कागदावर उमटलेलं बघितलंस आणि एकेका बोटावर नख ठेवून म्हणायला लागलीस, "ह्ये चक्र. ह्येबी चक्र. ह्यो शंख." उजव्या अंगठ्याला चक्र असलं की घरात त्या बाईचा शब्द चालतो, असं तुझ्या आजीनं सांगितलं होतं म्हणे. "मंग माझा कुठं चालतोय?" म्हणून तू पोट धरून हसलीस. शाई निघेना म्हणून शेजारणीपुढं हात पदराखाली लपवत होतीस.

आमच्या शिक्षणातही तेच शब्द आहेत. चक्र, शंख, कमान. फरक एवढाच की आमच्यात नुसतं चक्र दिसून काहीच सिद्ध होत नाही. चक्र काय, शेजारणीच्या अंगठ्यालाही असतं! ते कुणाचं हे ठरवायचं तर रेषा कुठं फुटते, कुठं थांबते, कुठं दोन होऊन परत मिळते, हे एकेक जागा धरून बघावं लागतं. मी वर्गात पोरांना हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगते. जो चक्र बघून 'जुळले' लिहून मोकळा होतो, त्याचा पेपर मी तांबडा करून परत देते. हे ध्यानात ठेव, कारण पुढं माझीच फजिती आहे.

तू गेलीस. दहाव्याला घर धुवायला काढलं. तुझ्या सुनेनं, मंगल वहिनीनं, घरातलं एकूण एक भांडं आणून नळापुढं ढीग घातला. सुतकातली भांडी घासूनच आत घ्यायची असतात, हे मला काय ठाऊक नाही? पण त्या ढिगात, ताटल्यांच्या मधे, तुझी ती चपटी डबी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. माझी पीएच.डी. कशावर, तर घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर मागं राहणाऱ्या ठशांवर! तेलाचा हात, पिठाचा हात, हळदीचा हात स्टीलवर किती दिवस टिकतो, तो कसा उचलायचा, यातच माझी इतकी वर्षं गेली. आणि तुझा ठसा माझ्या डोळ्यांदेखत तारेच्या घासणीनं जाणार?

तू म्हणशील, शाईचे होते की तुझ्याजवळ. होते गं. पण ते मी घेतलेले. बोट धरून, दाबून. तू आपल्या नादात असताना, कुणी बघत नसताना, आपोआप मागं राहिलेला ठसा निराळा. मला तो हवा होता. आणि सोडली म्हणालीस तरी त्या डबीला तुझ्याशिवाय हात लावणारं होतं कोण? वहिनी तर लांबूनच नाकाला पदर लावायची.

मग मी काय केलं? पर्समधले हातमोजे काढून घातले. दोन बोटांत डबी कडेनं धरून उचलली, कागदी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, वर तारीख टाकून सही केली. आमच्यात असंच करतात. वहिनी म्हणाली, "ताई, सुतकाचं हाय ते, घासू द्या." मी म्हणाले, "हात लावू नका त्याला!" मोठ्यानंच म्हणाले. दार माणसांनी भरलेलं होतं. तुझी जाऊ पार्वताकाकू, तिच्या सुना, गल्लीतल्या बायका. सगळ्या टकामका बघत होत्या म्हणे. मला कुणी दिसलंच नाही. मी पाकीट छातीशी धरून रडत उस्मानपुऱ्याला माझ्या घरी परत आले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डबी काढली. ठसे उठवायची काळी पूड घेऊन मऊ ब्रश फिरवला. झाकणावर अंगठा उमटला, आणि काय उमटला, माय! एक रेषा तुटलेली नाही. मधोमध चक्र. मी तिथंच स्टुलावर बसले आणि तुला हाक मारली. मग तो चिकटपट्टीनं उचलून पांढऱ्या कार्डावर लावला. कार्ड पर्समध्ये ठेवलं. डबी आतल्या मिश्रीसकट तशीच पाकिटात घालून कपाटात ठेवून दिली.

ते कार्ड वर्षभर माझ्याबरोबर फिरलं. रिक्षात, वर्गात, दवाखान्यात. कुणाशी भांडण झालं की मी ते काढायची आणि तुझ्याकडं गाऱ्हाणं करायची. गेल्या महिन्यात प्रबंध छापायला द्यायची वेळ आली, तेव्हा पहिल्या पानावर तोच अंगठा टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या मायला'.

ते पान मी शेख मॅडमना दाखवलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात त्या. त्यांच्या घरचा शीरखुर्मा तू दोनदा मागून घेतला होतास! पान बघून त्यांचे डोळे भरून आले. आणि मग निव्वळ सवयीनं त्यांनी विचारलं, "मिलाके देखा ना?"

"मॅडम, माझ्या आईचा अंगठा आहे हो तो!"

"हां, मालूम है. लेकिन मिलाके देखा क्या?"

माझा राग कुठं असतो तुला माहीतच आहे, नाकाच्या शेंड्यावर. तिरीमिरीत कपाटातून तुझ्या शाईच्या ठशांचा जुना कागद काढला, कार्ड शेजारी ठेवलं, भिंग ओढलं. म्हटलं, घ्या, बघा एकदाचं!

माय, तो अंगठा तुझा नव्हता.

चक्र होतं. पण तुझं गोल, हे लांबट. तुझी रेषा जिथं फुटते तिथं याची सरळ पुढं जाते. मी जागा बदलली, दिवा बदलला, चष्मा पुसला. एक जागा जुळेल तर शपथ! पोरांचे पेपर तांबडे करणारी मी, आणि वर्षभर परक्या अंगठ्याला माय म्हणत होते. लकव्याच्या झटक्यानं तुझा उजवा हात आधीच गेला होता, तेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं! शेख मॅडम उठून चहा घेऊन आल्या.

डबीवरून मी आणखीही ठसे उचलले होते, कडेचे, बुडाचे. तेही काढले. तुझा एकही नाही. जे होते ते बहुतेक एकाच हाताचे, एकावर एक पडलेले, मिश्रीची काळी कणी धरून बसलेले. एकदा उचलून ढिगात टाकणाऱ्या माणसाचे असे पडत नाहीत. ती डबी रोज उघडणाऱ्याचे पडतात. दादाच्या अंगठ्यावर मशीननं कापल्याचा आडवा वण आहे, तो यात नाही. मग राहिलं कोण? जी तुला रोज "टाका ती घाण!" म्हणून ओरडायची, ती वहिनी?

शनिवारी दुपारी शाईचं पॅड आणि कागद घेऊन बजाजनगर गाठलं. तू गेल्यापासून माझं तिकडं जाणं कमीच झालं होतं. गेले की वहिनी पाणी द्यायची, चहा द्यायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, माय गेली की माहेर गेलं, असंच असतं. मग मीही फुगायची. आठ-आठ दिवस फोन करायची नाही.

दादा कंपनीत गेला होता. वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, तुझ्याच वर्षश्राद्धाचे. मी पॅड पुढं ठेवून सरळ विचारलं, "वहिनी, तुमच्या बोटांचे ठसे पाहिजे होते." गोड-गोड बोलायला तू मला शिकवलंच कुठं?

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. म्हणाली, "घ्या. आला का रिपोर्ट, ताई?"

"कसला रिपोर्ट?"

"मिश्रीचा."

मिश्रीचा कसला आलाय रिपोर्ट? मग ती हळूहळू बोलायला लागली, आणि मला तिच्याकडं बघवेना.

त्या दिवशी दारात सगळ्यांनी काय बघितलं, सांग बरं? तपासणीचं शिकलेली लेक येते, हातमोजे घालते, मेलेल्या माणसाची मिश्री पाकिटात भरून सही करून नेते, आणि सुनेला म्हणते, हात लावू नका! पार्वताकाकूनं त्याच संध्याकाळी विचारलं, "मंगल, मिश्रीत काय व्हतं गं?" तिथं हसत विचारलं. सिल्लोडला जाऊन न हसता सांगितलं, "तपासणीवाली पोरगी उगंच नेईल व्हय?" ते वहिनीच्या माहेरापर्यंत पोचलं. तिच्या भावानं फोन करून विचारलं, खरं काय ते सांग म्हणून. भावानं, माय! गल्लीत कुणाकडं कालवणाची वाटी दिली तर घेतात, पण झाकून ठेवतात. तिच्यासमोर कुणी तोंडाला लावत नाही.

"अहो, मग मला विचारायचं होतं ना!" मी ओरडलेच तिच्यावर.

"काय विचारू? तुमचं शिक्षण मोठं. मला वाटलं, तपासून झालं की तुमीच सांगताल. वरीसभर वाट बघितली."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं! पण ती रडतही नव्हती. हात तसेच पुढं धरून बसली होती. मीच तिचे हात खाली केले. म्हटलं, "वहिनी, तुमच्या गळ्याची शपथ, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मला फक्त मायचा अंगठा पाहिजे होता." आणि पर्समधलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. सगळं सांगितलं, शेख मॅडमपासून.

तिनं कार्ड उजेडाला धरलं. "ह्यो अंगठा घेऊन हिंडलात वरीसभर? आत्याबाईंचा समजून?"

"हो."

"माझाच असंल," ती म्हणाली.

आणि मग, माय, तुझी सगळी लबाडी बाहेर आली! झटका येऊन उजवा हात गेल्यावर तुला डबीचं झाकण निघेना. एकदा डबी पडली, मिश्री गादीवर सांडली, आणि तू लेकरासारखी रडलीस. तेव्हापासून वहिनीच डबी उघडायची, तुझ्या बोटाला मिश्री लावून द्यायची. पुढं पुढं तर स्वतःच्या बोटानं तुझे दात घासायची.

"डॉक्टरनं नको सांगितली होती ना?" मी विचारलं.

"डॉक्टरनं बी, अन् तुमी बी. म्हणून तर तुमचा फोन वाजला की डबी उशीखाली जायची. आत्याबाई मला डोळा मारायच्या, अन् मी मोठ्यानं ओरडायची, टाका ती घाण!"

डोळा मारायचीस? तू? मी फोनवर "मिश्री सोडलीस ना गं?" विचारायची, तू "कवाच सोडली" म्हणायचीस, मागून वहिनी ओरडायची, आणि मी समाधानानं फोन ठेवायची, की चला, वहिनी कडक आहे, बरं आहे! सासू-सुना मिळून मला बनवत होतात? जराही वाटलं नाही का गं, की हिला सांगावं? मी काय तुला खाल्लं असतं?

खाल्लं असतं म्हणा. डबी खिडकीतून फेकली असती, वहिनीला चार शब्द सुनावले असते आणि तुला पुन्हा तंबाखूवर व्याख्यान दिलं असतं. तुला माझी नस माहीत होती.

"तुम्हाला तर वासानंच मळमळायचं," मी वहिनीला म्हटलं.

"मळमळायचं की. पदर लावायची नाकाला. पर त्यांना तेवढंच एक गोड लागत व्हतं, ताई. बाकी सारं कडूच म्हणायच्या. डाळिंब दिलं तरी कडूच."

मग आम्ही दोघी रडलो. खूप रडलो. तुझ्या दहाव्यालाही मी तिच्या गळ्यात पडले नव्हते.

रडून झाल्यावर तिनंच पॅड पुढं ओढलं. म्हणाली, आता आणलंयच तर घ्या. तिचा अंगठा घेतला, खिडकीत बसून भिंगाखाली कार्डाशेजारी धरला. रेषा फुटायची जागा, थांबायची जागा, एकेक करून सगळं जुळलं. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"माझाच ना?"

"तुमचाच."

"मंग आता?"

मंग आता! खरं सांगू, माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं? डबीतली मिश्री तपासून घ्यावी, शिक्क्याचा कागद आणावा आणि पार्वताकाकूच्या तोंडावर मारावा. वहिनीही म्हणाली, "पायजे तर तपासा. मला कसलं भ्याव?" तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला कसंतरी झालं. तपासायला दिली म्हणजे मीही शंका घेतली, असंच झालं ना? ज्या हातानं तुझे दात घासले त्या हातासाठी मी शिक्क्याचा कागद मागू? नाही मागणार. ती म्हणाली, "जाऊ द्या मंग, लोक इसरतील." नाही गं विसरत लोक. माझ्या हातमोज्यांमुळं सुरू झालंय, मलाच थांबवलं पाहिजे.

तुझ्याकडं एक तक्रार आहे. वर्षभर मी त्या अंगठ्याशी एवढं बोलले, तू एकदा तरी स्वप्नात येऊन सांगायचंस, की पोरी, ही मी नव्हं, मंगल हाय! आणि तुझा मागं राहिलेला ठसा मला शेवटपर्यंत मिळालाच नाही. बोटांत जोरच नव्हता तुझ्या, उमटणार कुठून? त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण प्रबंधाच्या पहिल्या पानावरचा अंगठा मी काढलेला नाही. खालची ओळ तेवढी बदलली. 'माझ्या मायला आणि मंगल वहिनीला.' शेख मॅडम म्हणाल्या, अब बराबर है.

आता गुरुवारचं. तुला शब्द देते, ऐक.

पानं वाढायच्या आधी, सगळे बसलेले असताना, मी उभी राहणार आहे. पार्वताकाकूला पुढं बसवणार आहे, तिला हल्ली कमी ऐकू येतं. मी सांगेन, की डबी मी संशयानं नेली नव्हती, वेड्या मायेनं नेली होती. तिच्यावर मला माझ्या मायचा हात शोधायचा होता, तिथं वहिनीचा सापडला. आतापर्यंत कितीतरी ठसे जुळवले, पण हा सांगताना जेवढी खात्री आहे तेवढी कधीच नव्हती.

एवढ्यावर काकू गप्प बसेल असं तुला वाटतं? मला नाही वाटत. ती विचारणारच, "ते समदं खरं, पर आत काय व्हतं ते तपासलं का?"

तेव्हा मी पर्समधून तुझी डबी काढीन. जन्मभर जिच्या नावानं ओरडले ती मिश्री, तिची चिमूट घेऊन सगळ्यांदेखत माझ्या दातांना लावीन. सावकाश, पुढून मागून, तू लावायचीस तशी. आयुष्यात पहिल्यांदाच लावणार आहे, चक्कर येईल म्हणतात. येऊ दे. वहिनी शेजारीच उभी असेल, ती धरील.

तुझी,
वैशू